‘तपासले, काही आढळले नाही’

मानवत तालुका दोन नद्यांच्या मधला. उत्तरेला दुधना, दक्षिणेला गोदावरी आणि शिवारातून गेलेला जायकवाडीचा डावा कालवा. या पाण्याबद्दल कोणी शंका काढली, आणि गावात सकाळी अनशापोटी थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायका वाढल्याचा उल्लेख केला, की एक ठरलेले उत्तर मिळते. पाणी नियमित तपासले जाते, अहवाल ठीक आहेत, काही आढळले नाही. हे उत्तर देणारी माणसे बेजबाबदार नाहीत. त्यांत पाणीपुरवठ्याचे अभियंते आहेत, रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत, रोज दीडदोनशे रुग्ण पाहणारे डॉक्टर आहेत. म्हणूनच या उत्तराचा समाचार नीट घेतला पाहिजे.

आपल्याकडच्या जुन्या वादपद्धतीत पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडता येत नसे. तो नियम पाळतो. पूर्वपक्ष असा. नद्यांचे पाणी राष्ट्रीय जल गुणवत्ता सनियंत्रण कार्यक्रमाखाली तपासले जाते. आपल्या जिल्ह्यात गोदावरीवर पाथरी तालुक्यातल्या ढालेगावला नमुना घेण्याचे ठिकाण आहे. प्यायच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १०५००, आणि त्यात कीटकनाशकेसुद्धा आहेत. समजा काही अंश सापडलाच, तरी तो लिटरमागे नॅनोग्रॅम-मायक्रोग्रॅमचा असणार. एवढ्याने ग्रंथी बिघडते हे म्हणणे अतिरंजित आहे. थायरॉइडचे रुग्ण वाढले त्याला दुसरी कारणे आहेत: तपासण्या वाढल्या, आयोडीनचा प्रश्न पूर्ण मिटलेला नाही आणि बहुतेक प्रौढ रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. शेवटी, ही सूक्ष्म तपासणी कोट्यवधींच्या यंत्रांवर होते. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा शौक कोणाला परवडणार? उगाच लोक मात्र घाबरतील.

यातला एकही मुद्दा पोरकट नाही. आणि माझी बाजू काय नाही, तेही आधीच सांगून टाकतो. मानवतच्या अमुक एका रुग्णाचा आजार नदीमुळे झाला, असे मी म्हणत नाही. ‘सगळे फवारणीने झाले’ असे चावडीवर ठासून सांगणारेही असतात. त्यांच्याही बाजूला मी नाही. त्यांच्याकडे पुरावा नाही. पण समोरच्या पक्षाकडे तरी आहे का?

पहिला मुद्दा घेऊ. तपासले म्हणजे काय तपासले? नदीच्या नेहमीच्या तपासणीत सामू, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, सीओडी, नायट्रेट, कोलिफॉर्म जिवाणू ही मंडळी असतात. बीओडीची चाचणी जवळून पाहा. नमुन्याची बाटली २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात आणि तेवढ्या वेळात जिवाणूंनी किती ऑक्सिजन खर्च केला ते मोजतात. म्हणजे जिवाणूंना जे खाता येते, त्याचेच हे मोजमाप. गावाचे सांडपाणी, साखर कारखान्याची मळी हे सारे त्यात उत्तम पकडले जाते. परक्लोरेट हे थायरॉइडवर थेट काम करणारे रसायन मात्र ऑक्सिजन असलेल्या पाण्यात जिवाणू खात नाहीत. ते पाण्यात कितीही असो, बीओडीचा आकडा जागचा हलणार नाही. ही चाचणी चुकीची नाही. तिला हा प्रश्न कधी विचारलेलाच नाही.

‘पण मानकात कीटकनाशके आहेत ना?’ आहेत. २०१२ च्या आयएस १०५०० मध्ये डीडीटी, एन्डोसल्फान, क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅट्राझिन, फोरेट अशी नावे आहेत. थायरॉइडला बाधा करणारे पीसीबीसुद्धा आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. मॅन्कोझेब मात्र नाही. दुकानात ज्याला ‘एम-४५’ म्हणतात तेच हे बुरशीनाशक. नाशिकच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा रोखायला ते मारतात. टोमॅटो, मिरची, बटाट्यावरही मारतात. त्याचे विघटन होऊन एथिलीन थायोयुरिया तयार होते. ते पाण्यात सहज विरघळते आणि थायरॉइड संप्रेरक बनवणाऱ्या पेरॉक्सिडेज या विकरालाच अडवते. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबला पुन्हा मान्यता नाकारली. अंतःस्रावी ग्रंथींना होणारी बाधा हे त्या नकाराचे एक कारण होते. आपल्या केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यातही मॅन्कोझेब होते. म्हणजे संशय सरकारलाही होता. पाण्याच्या मानकाला तो अजून नाही.

इथे एक बारकावा आहे. आधुनिक प्रयोगशाळेत एकाच नमुन्यातून शेकडो कीटकनाशके एका दमात मोजणारी यंत्रे आहेत. मॅन्कोझेब त्या जाळ्यात येत नाही, कारण ते नेहमीच्या द्रावकांत विरघळतच नाही. त्याला आम्लात उकळून फोडावे लागते, त्यातून सुटणारा कार्बन डायसल्फाइड वायू मोजावा लागतो आणि एथिलीन थायोयुरियासाठी पुन्हा वेगळी पद्धत लावावी लागते. ‘दोनशे कीटकनाशके तपासली, एकही नाही’ असा अहवाल पूर्ण प्रामाणिक असूनही या एका रसायनाबद्दल मुका असू शकतो.

यादीवर विसंबण्याची किंमत महाराष्ट्राने एकदा रोख मोजली आहे. २०१० साली युरोपात गेलेली आपली द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे अडली. बागाईतदार त्याला लिहोसिन या नावाने ओळखतात. निर्यातीची द्राक्षे तेव्हाही काटेकोर तपासून जात होती, निर्यातदारांजवळ प्रयोगशाळांची प्रमाणपत्रे होती. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हते. यादी निर्दोष, यंत्र निर्दोष, तंत्रज्ञ निर्दोष, आणि कंटेनर बंदरावर पडून. त्यानंतर ते नाव यादीत आले. परदेशी ग्राहकाने हिसका दिला म्हणून आले. गोदावरीचे पाणी पिणाऱ्या माणसाने हिसका कोणत्या बंदरावर द्यायचा?

याहून बोलके उदाहरण अमेरिकेचे. १९९७ पर्यंत पाण्यातले परक्लोरेट लिटरमागे सुमारे ४०० मायक्रोग्रॅमच्या खाली मोजताच येत नव्हते. त्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने पद्धत सुधारली आणि मर्यादा ४ मायक्रोग्रॅमवर आणली. झाले काय? नेवाडातल्या हेंडरसनच्या रॉकेट-इंधनाच्या कारखान्यांतून झिरपलेले परक्लोरेट कोलोरॅडो नदीत सापडले. लाखो लोकांचे पिण्याचे पाणी त्या नदीवर होते. परक्लोरेट १९९७ साली नदीत उतरले नव्हते. ते कित्येक वर्षे वाहतच होते, आणि त्या साऱ्या काळात ‘आढळले नाही’ हा शेरा अगदी नियमानुसार होता. भारतातही केरळात अलुव्याजवळ अमोनियम परक्लोरेट बनवणाऱ्या प्रकल्पाच्या परिसरातल्या विहिरींत ते आढळले. तिथे सीएसआयआरच्या तिरुवनंतपुरमच्या संस्थेने ते शोधले, म्हणून आढळले.

कोणी म्हणेल, मानवतला कुठले रॉकेट? बरोबर. पण निर्जंतुकीकरणासाठी वापरतात ते सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण साठवणीत जुने झाले की त्यातच क्लोरेट आणि परक्लोरेट तयार होतात. द्रावण जितके तीव्र आणि हवा जितकी गरम, तितका वेग जास्त. मराठवाड्यातल्या मे महिन्याचे तापमान वेगळे सांगायला नको. ते द्रावण पत्र्याच्या खोलीत किती दिवस पडून असते, हे ज्याचे त्याने जाऊन पाहावे.

आता दुसरा मुद्दा, मात्रेचा. पूर्वपक्षाचा हा सर्वांत बळकट बुरूज आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

आपल्या हातातल्या रक्ताच्या अहवालात मोकळ्या टी-४ या थायरॉइड संप्रेरकाची मर्यादा डेसिलिटरला साधारण ०.८ ते १.८ नॅनोग्रॅम अशी छापलेली असते. लिटरला ८ ते १८ नॅनोग्रॅम. शरीराचा कारभार एवढ्यावर चालतो. तेव्हा ‘नॅनोग्रॅम म्हणजे काहीच नाही’ हे वाक्य निदान संप्रेरकांच्या बाबतीत तोंडातून काढू नये. अर्थात, प्रदूषकाचा एक नॅनोग्रॅम संप्रेरकाच्या एका नॅनोग्रॅमइतका प्रभावी नसतो. बहुतेक रसायने कितीतरी पटींनी दुबळी असतात. पूर्वपक्षाचे हे म्हणणे मला मान्य आहे. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो एकेका रसायनाबद्दल. नदीत रसायने एकेकटी येतात का?

थायरॉइडच्या पेशीवर रक्तातले आयोडीन आत ओढणारे एक वाहक प्रथिन असते. १९९६ मध्ये नॅन्सी कॅरास्को यांच्या प्रयोगशाळेने त्याचे जनुक वेगळे केले. दसऱ्यानंतर मानवतच्या मोंढ्याच्या फाटकात कापसाच्या गाड्यांमध्ये भलत्याच मालाच्या गाड्या घुसाव्यात आणि जिनिंगपर्यंत कापूस कमी पोचावा, तसे या वाहकाचे होते. परक्लोरेट, थायोसायनेट आणि नायट्रेट हे तिन्ही आयन आयोडीनच्या रांगेत घुसतात. २००४ मध्ये टोनाकेरा आणि सहकाऱ्यांनी मानवी वाहकावर त्यांची ताकद मोजली. परक्लोरेट हे थायोसायनेटच्या १५ पट आणि नायट्रेटच्या २४० पट प्रभावी निघाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचे परिणाम साध्या बेरजेने वाढतात; जणू एकाच पदार्थाची कमीअधिक पातळ द्रावणे.

आता वाचकानेच पाटी-पेन्सिल घ्यावी. आपल्या मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे सुमारे ०.७३ मिलिमोल. त्याला २४० ने भागले की ३ मायक्रोमोल उरतात. परक्लोरेटच्या वजनात ते सुमारे ३०० मायक्रोग्रॅम भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये परक्लोरेटसाठी सुचवलेली मर्यादा ७० मायक्रोग्रॅम. कॅलिफोर्नियाची २००७ ची मर्यादा ६. म्हणजे ज्या पाण्याला आपण नायट्रेटच्या बाबतीत ‘उत्तीर्ण’ म्हणतो, ते या एका फाटकाच्या हिशेबाने, पेशीवरच्या गुणोत्तरानुसार, परक्लोरेटच्या जागतिक मर्यादेच्या चौपट भार टाकू शकते. ‘शरीरातून नायट्रेट लवकर बाहेर पडते’ हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे प्रत्यक्ष भार कमी भरेल. ‘पालेभाजीतूनही नायट्रेट येतेच की’ हा दुसरा आक्षेप मात्र माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. भाजीतले नायट्रेट पाण्यातल्या नायट्रेटमध्ये मिळवायचे असते, वजा करायचे नसते.

४५ चा हा आकडा ठरला कशावरून? तान्ह्या बाळाच्या रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटते, बाळ निळे पडते, त्या आजारावरून. थायरॉइड डोळ्यांपुढे ठेवून तो ठरलेलाच नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या सुमारे ३६ टक्के भूजल नमुन्यांत नायट्रेट या मर्यादेच्याही वर होते. जास्त प्रमाण असलेल्या जिल्ह्यांत आपले शेजारी बीड आणि नांदेड आहेत. तेव्हा ‘थायरॉइडला बाधा करणारे काही आढळले नाही’ म्हणणाऱ्यांना विनंती, की हातातला अहवाल पुन्हा उघडावा. एक बाधक त्यात आकड्यासह छापलेला असतो. तो दुसऱ्याच आजाराच्या चष्म्यातून वाचला जातो, एवढेच.

तिसरा मुद्दा कारणांचा. तपासण्या वाढल्या हे खरे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या अभ्यासात ५,३७६ प्रौढांपैकी १०.९५ टक्क्यांना थायरॉइडची कमतरता होती आणि २१.८५ टक्क्यांच्या रक्तात ग्रंथीविरोधी प्रतिपिंडे होती. प्रतिकारशक्तीचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. पण एक कारण सापडले म्हणून दुसरे आपोआप बाद होते, हा कोणता न्याय? प्रदूषक ग्रंथीला एकटेच बिघडवते असे कोणी म्हणत नाही. जिथे ग्रंथी आधीच काठावर आहे, तिथे ते धक्का देते.

याचा पुरावा २००६ मध्ये आला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या बेंजामिन ब्लाउंट यांनी २००१-०२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातली माहिती तपासली. ज्या स्त्रियांच्या लघवीत आयोडीन लिटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी होते, त्यांच्यात परक्लोरेट जितके जास्त, तितके टी-४ कमी दिसले. तेही रोजच्या जगण्यात मिळणाऱ्या सामान्य मात्रेला. पुरुषांत हा संबंध दिसला नाही. म्हणजे आयोडीन हे प्रदूषकाला पर्यायी कारण नव्हे. आयोडीन कमी पडते तिथेच प्रदूषकाचे फावते. आपल्याकडे २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत ७६.३ टक्के घरांतल्या मिठातच पुरेसे आयोडीन होते. उरलेली जवळजवळ पाव घरे कुठली असतात? मीठ मोकळ्या बरणीत, चुलीजवळ, आणि खडे-मीठ आठवडी बाजारातले. त्याच घरांतली सून गरोदर असते. गर्भ पहिले काही महिने आईच्याच संप्रेरकावर वाढतो. १९९९ मध्ये हॅडो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की गरोदरपणात थायरॉइडची कमतरता असूनही उपचार न मिळालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७ गुणांनी कमी होता. अशी तूट दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये नोंदली जात नाही. मग ‘रुग्ण दिसत नाहीत’ या वाक्याला पुरावा कसे म्हणायचे?

आता खर्चाचा आक्षेप. इथे पूर्वपक्षाने एक गृहीत धरले आहे: शोधायचे म्हणजे रसायनांची नावे एकेक करून शोधायची. तसे असेल तर ते खरोखर परवडणार नाही. नावे हजारो आहेत. पण नाव न विचारता परिणाम विचारता येतो, आणि त्याला शंभर वर्षांहून जुना आधार आहे. १९१२ मध्ये गुडरनाच यांनी बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथीचा गर खाऊ घातला. ते अकालीच पाय फुटून, शेपटी झडून चिमुकले बेडूक झाले. बेडूकमाशाचे बेडकात रूपांतर थायरॉइड संप्रेरकाच्या हुकमाने होते, आणि तो रेणू बेडकात आणि बाईमाणसात एकच आहे. मग ज्या पाण्यात बेडूकमाशाला पाय वेळेवर फुटत नाहीत, त्या पाण्याने काहीतरी सांगितले, की नाही?

या तत्त्वावर आज प्रमाणित चाचण्या आहेत. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची २३१ क्रमांकाची चाचणी २००९ ची. आफ्रिकी नखीबेडकाची पिल्ले २१ दिवस वाढवतात, मागच्या पायाची लांबी मोजतात आणि थायरॉइड ग्रंथीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वाहक अडवणारे किंवा पेरॉक्सिडेज अडवणारे रसायन असेल तर ग्रंथी सुजलेली दिसते. २४८ क्रमांकाची चाचणी २०१९ ची. तिच्यात संप्रेरकाचा संदेश पोचला की हिरवे चमकणारी पिल्ले वापरतात आणि निकाल ७२ तासांत लागतो. ही झटपट चाचणी सर्वज्ञ नाही, हेही सांगितले पाहिजे. इतक्या लहान पिल्लाची स्वतःची ग्रंथी अजून कामाला लागलेली नसते, त्यामुळे परक्लोरेट किंवा एथिलीन थायोयुरिया तिच्यातून निसटतात. त्यांच्यासाठी २१ दिवसांचीच चाचणी हवी. दोन्ही मिळूनच चित्र पुरे होते. फ्रान्समध्ये पॅरिसच्या निसर्ग इतिहास संग्रहालयातल्या बार्बरा डेमेनेक्स यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या वॉचफ्रॉग कंपनीने चमकणाऱ्या पिल्लांची पद्धत शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यापर्यंत नेली.

याला कोट्यवधी लागतात? काचेच्या टाक्या, तापमान राखणारी खोली, सूक्ष्मदर्शक आणि ग्रंथीचा छेद वाचता येणारा माणूस लागतो. मानवतहून तासाभराच्या अंतरावर, परभणीत, कृषी विद्यापीठ आहे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. छेद वाचणारा विकृतिशास्त्रज्ञ तिथे नसेल तर कुठे असेल? महागडे यंत्र नंतर लागेल, आणि तेही फक्त बेडूकमाशाने बोट दाखवलेल्या नमुन्यापुरते. नागपूरला ‘नीरी’ आहे. पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा युरोपच्या ग्राहकासाठी असे अंश मोजतेच आहे. राज्याला हे काम येते. ते नदीसाठी केलेले नाही.

भीतीबद्दल फार लिहीत नाही. भीती आजही आहेच, फक्त ती आकड्यांवाचूनची आहे, आणि आकडा नसला की खापर फवारणीच्या पंपावाल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर फुटते. मोजमाप झाले तर कदाचित तोच सुटेल. नाशिकहून निघालेले पाणी जायकवाडीच्या नाथसागरात थांबते. त्याचा जिवंत साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. तिथे ऊन, काळ आणि पातळपणा मिळून वरची बरीच रसायने मोडीत निघत असतील. तसे असेल तर ढालेगावला सापडणारा दोष इथल्याच सांडपाण्याचा ठरेल. जालन्याची कुंडलिका दुधनेला मिळते, म्हणून त्या नदीचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

नमुना केव्हा घ्यायचा, यावरही निकाल अवलंबून आहे. महिन्यातून एकदा भरलेली बाटली त्या एका क्षणाचे पाणी सांगते. फवारणीनंतर पहिला जोराचा पाऊस पडला की शिवारातले रसायन काही तासांत ओढ्याला लागते, आणि बाटलीवाला माणूस पंधरा दिवसांनी येतो. त्यावर उपाय आहे: रसायने हळूहळू शोषून घेणारी चकती तीन-चार आठवडे पाण्यात टांगून ठेवायची. तिला ना वीज लागते, ना राखणदार. बंधाऱ्याच्या फाटकाला बांधली तरी चालते.

तेव्हा पूर्वपक्षापुढे प्रस्ताव ठेवतो. ढालेगावला आणि दुधनेवर एकेक चकती खरिपाच्या फवारणीच्या हंगामात टांगावी. परक्लोरेट आणि एथिलीन थायोयुरिया चकतीत नीट धरले जात नाहीत, म्हणून पहिल्या पुराचे पाणी वेगळे भरून त्यांच्यासाठी तपासावे. नायट्रेटचा आकडा त्यांच्याच जोडीला मांडावा. त्याच पाण्यात २१ दिवस बेडूकमासे वाढवावेत आणि ग्रंथीचे छेद परभणीत वाचावेत. निकाल स्वच्छ आला तर नदीबद्दलची माझी शंका मी याच लेखणीने मागे घेईन. तोवर ‘तपासले’ हा शब्द त्यांनी मागे घ्यावा.